सीओपीडीचा अटॅक ओसरला, पण अंगातली ताकद गेली: ती परत कशी मिळवायची

दवाखान्यातून घरी सोडतात तेव्हा ताप उतरलेला असतो, छातीतली घरघर कमी झालेली असते, सलाईन निघालेलं असतं. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं की महिन्यापूर्वी कोपऱ्यावरून दूध आणणारा माणूस आता पलंगावरून मोरीपर्यंत जाताना मध्येच भिंतीला हात टेकून उभा राहतोय. औषधं वेळेवर चालली आहेत, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९३ दाखवतंय, तरी चार पावलांत धाप. आता हे असंच राहणार का, ही धास्ती सगळ्यांच्याच मनात असते. बोलून कुणी दाखवत नाही.

त्यापुढच्या दोन-तीन महिन्यांत काय करायचं, ते रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी इथे लिहिते आहे. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा, फुप्फुसांची लवचीकता जाण्याचा आजार. त्यात धाप आणि कफ एकदम उसळतात, तो अटॅक. विडी-सिगारेट हे त्याचं एक कारण. पण आपल्याकडे आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या कितीतरी बायकांना तो चुलीच्या धुरातून झालेला आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहिलं होतं. जुन्या टीबीनंतर फुप्फुसं खराब झालेल्यांनाही असाच त्रास होतो. माझ्या सासूबाईंचं निम्मं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या गावात चुलीपुढे गेलं, त्यात तव्यावर मिश्री भाजायचा धूर वेगळा. पुढचं बरंचसं त्यांच्याबरोबर शिकलेलं आहे आणि छातीच्या डॉक्टरांकडून, फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेतलेलं आहे.

ताकद नेमकी गेली कुठे

अटॅकचा मुख्य त्रास साधारण ७ ते १० दिवस टिकतो. पण ८ आठवड्यांनंतरही पाचातला एक रुग्ण आधीच्या पातळीवर आलेला नसतो. म्हणजे उशीर लागणं हे काही विपरीत नाही.

मात्र सगळा दोष फुप्फुसांचा नसतो. अंथरुणावर पडून काढलेल्या आठवड्यात सगळ्यात जास्त झिजतात ते मांड्यांचे स्नायू. त्यात शरीरातली सूज, जेवण न जाणं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांची भर पडते. अशक्त झालेला स्नायू तेच काम करायला जास्त हवा मागतो, म्हणून धाप लवकर लागते. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, आणि बसून राहिलं की स्नायू आणखी झिजतात. फुप्फुसांचं जे कायमचं नुकसान झालंय ते भरून येत नाही. पायांतली ताकद मात्र सत्तरीतसुद्धा परत येते, आणि पाय सुधारले की त्याच फुप्फुसांवर माणूस जास्त लांब चालतो. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात करण्याआधी

थकव्याला दुसरं काही कारण नाही ना, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. रक्त कमी असणं, स्टेरॉइडने वाढलेली शुगर, पोटॅशियम कमी होणं, हृदयाचा त्रास, थायरॉइड, मनाची उदासी, यातलं काहीही ‘सीओपीडीच आहे, चालायचंच’ म्हणून राहून जातं. एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. स्टेरॉइडच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या आणि कशा थांबवायच्या, हे कागदावर लिहून घ्या. स्वतःहून वाढवू नका, स्वतःहून तोडूही नका. आणि कुणीतरी आणून दिलेली दम्याची पुडी तर अजिबात घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. चार दिवस बरं वाटतं आणि हाडं, स्नायू, शुगर सगळंच बिघडतं.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: चालताना ऑक्सिजन किती खाली आलेला चालेल? बहुतेकांना ८८ ही खालची मर्यादा सांगतात, पण ती तुमच्या रुग्णासाठी त्यांच्याच तोंडून ऐका. ऑक्सिमीटर लावताना हात गार नको, नखाला रंग किंवा मेंदी नको, आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा.

पंप आत पोचतोय का

व्यायामाच्या आधी ही गोष्ट, कारण इथेच बरंच काही वाया जातं. कॅप्सूल टाकून ओढायच्या पंपाला जोराचा, झपकन श्वास लागतो. अटॅकमधून उठलेल्या माणसात तेवढा जोर उरलेला नसतो, आणि पावडर घशातच राहते. अशा वेळी डॉक्टर काही काळ दाबायचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून देतात किंवा नेब्युलायझर चालू ठेवतात. तुमच्या घरी कॅप्सूलचा पंप असेल तर डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवाच.

दाबायचा पंप असेल तर तो हलवा, श्वास पूर्ण सोडा, स्पेसर तोंडात घट्ट धरा, पंप एकदा दाबा आणि हळूहळू खोल श्वास घ्या. मग जमेल तेवढा, १० सेकंदांपर्यंत, श्वास रोखा. दुसरा डोस अर्ध्या-एक मिनिटाने. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो आणि जेवण जात नाही. तात्पुरता आराम देणारा पंप दिलेला असेल तर चालायच्या १०-१५ मिनिटं आधी घ्यावा का, हेही विचारा. अनेकांना त्याने बराच फरक पडतो.

धाप लागली की काय करायचं

सीओपीडीत अडचण आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याची असते. जुनी हवा आत अडकून राहते, छाती फुगलेली राहते, नवीन हवेला जागाच नसते. घाबरून माणूस आणखी जोरात आत ओढायला लागतो आणि धाप वाढते. म्हणून सगळं लक्ष श्वास सोडण्यावर द्यायचं.

खांदे सैल सोडा. नाकाने, मनात दोनपर्यंत मोजत श्वास घ्या. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, चारपर्यंत मोजत सोडा. जोर लावून फुंकायचं नाही, आपोआप जाऊ द्यायचं. बरोबर बसायची पद्धतही महत्त्वाची: खुर्चीत बसून थोडं पुढे वाकायचं, कोपरं मांड्यांवर टेकायची. उभं असाल तर ओट्यावर किंवा कठड्यावर हात टेकून पुढे झुका. रस्त्यात काहीच नसेल तर भिंतीला पाठ लावून, पाय थोडे पुढे घेऊन उभे राहा. आडवं झोपवू नका, त्याने छाती आणखी दबते.

हे धाप लागल्यावर पहिल्यांदा करून बघितलं तर जमत नाही. रोज निवांत बसलेलं असताना पाच-पाच मिनिटं सराव करा, म्हणजे गरज लागेल तेव्हा शरीराला ते आठवतं.

चालणं

घरी आल्यावर पहिले काही दिवस ध्येय एवढंच ठेवा की दिवसा पलंगावर पडून राहायचं नाही. जेवण खुर्चीत, चहा खुर्चीत, पेपर खुर्चीत. दर तासाला उठून खोलीत एक फेरी.

मग मोजून चालायला सुरुवात करा. घरातलाच पॅसेज, गच्ची, सोसायटीची सपाट गल्ली, काहीही चालेल, पण मध्ये बसायला खुर्ची ठेवा. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांची फेरी, दिवसातून चार-पाच वेळा. एकदम १५ मिनिटं चालून संध्याकाळभर पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी पटींनी चांगलं. वेग स्वतःचा, सोबतच्या माणसाचा नाही. घरच्यांनी शेजारून किंवा अर्धं पाऊल मागून चालावं. पुढे चालणाऱ्याला गाठायला रुग्ण नकळत वेग वाढवतो.

किती धाप चालेल? शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. शून्य म्हणजे अजिबात धाप नाही, दहा म्हणजे आता जीव जातो. चालताना तीन-चारवर राहायचं. एक छोटं वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येणार नाही, एवढी धाप हवीच. धाप लागलीच नाही तर स्नायूला कामच मिळालं नाही. पाच-सहावर गेली की थांबा, वर सांगितलेला श्वास करा, धाप उतरली की परत निघा. थांबलेली मिनिटं वगळून बाकीची एकूण चाल धरायची.

दोन-तीन दिवस एकाच मात्रेला शरीर सरावलं की प्रत्येक फेरीत मिनिटभर वाढवा. सहा ते आठ आठवड्यांत एकूण २० ते ३० मिनिटं, मध्ये थांबत का होईना, बहुतेक दिवशी व्हायला हवीत. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोजची मिनिटं आणि सगळ्यात जास्त लागलेली धाप असे दोन आकडे लिहा. सासूबाईंना आकडे लिहायचा कंटाळा, तर त्यांचा नातू लिहायचा. तीन आठवड्यांनी मागची पानं उलटून बघितली तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, पडतोय की फरक." रोजच्या रोज फरक दिसत नाही, म्हणूनच लिहायचं.

वाईट दिवस येणारच. आदल्या रात्री झोप नाही, ढगाळ हवा, घरात पाहुणे. त्या दिवशी चालणं बंद करू नका, निम्मं करा. मात्र ताप असेल, कफ वाढला असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा ऑक्सिजन ठरवून दिलेल्या मर्यादेखाली जात असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. डॉक्टरांना फोन करा.

जिने चढताना कठडा धरा, श्वास घेताना उभं राहा, सोडताना एक किंवा दोन पायऱ्या चढा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर प्रत्येक वळणावर स्टूल ठेवायची परवानगी शेजाऱ्यांकडून मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही.

मांड्या आणि दंड

चालण्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, हे दोन-तीन प्रकार पुरतात. सगळ्यात महत्त्वाचा खुर्चीतून उठबस करण्याचा. भिंतीला टेकलेल्या पक्क्या खुर्चीत बसा, पाय जमिनीवर घट्ट ठेवा, श्वास सोडत उठा, श्वास घेत हळू बसा. धपकन बसायचं नाही, हळू बसण्यातच अर्धा व्यायाम आहे. आधी पाच वेळा, मग विश्रांती, मग परत पाच. पुढे दहा-दहाच्या तीन फेऱ्या. हाताचा आधार लागत असेल तर घ्या, काही दिवसांनी एका हाताचा, मग नुसतं बोट. दुसरा, ओट्याला धरून टाचा वर उचलणं. तिसरा, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून कोपर दुमडणं आणि खांद्यापर्यंत हात उचलणं. हात वर घेतल्यावर धाप लागते, कारण खांदा-मानेचे काही स्नायू श्वासालाही मदत करत असतात, आणि हात वर असताना त्यांच्यावर दोन कामं पडतात. केस विंचरताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना दम लागतो तो यामुळेच.

जोर लावताना श्वास रोखायचा नाही, नेहमी सोडायचा. उठताना, उचलताना, ढकलताना, सगळीकडे हाच नियम.

आंघोळ, संडास, स्वयंपाक

खरी ताकद संपते ती इथे. आंघोळीकडे बारकाईने बघा: भरलेली बादली उचलायची, पाटावर खाली बसायचं, वाकून तांब्या भरायचा, डोक्यापर्यंत हात न्यायचा, पाठ चोळायची, मग अंग पुसायचं, आणि सगळं बंद, वाफेने भरलेल्या मोरीत. निरोगी माणसाला जाणवत नाही, पण वाकणं, हात वर आणि वाफ या धाप वाढवणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे एकत्र येतात.

म्हणून प्लास्टिकची खुर्ची मोरीत. बादली घरातल्या कुणी भरून दुसऱ्या स्टुलावर, मांडीच्या उंचीवर ठेवायची, म्हणजे वाकायला नको. पाणी कोमट, दार किंचित उघडं. पायांसाठी लांब दांड्याचा ब्रश. केस रोज नाहीत, ज्या दिवशी केस त्या दिवशी दुसरं काही काम नाही. अंग पुसायच्या ऐवजी मोठा पंचा किंवा टॉवेल पांघरून पाच मिनिटं बसून राहायचं, पाणी आपोआप टिपलं जातं. आणि आंघोळ जेवणानंतर लगेच नको. दमायला होत असेल तर एक दिवस आड आंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसणं, यात काही कमी नाही. जुन्या पिढीला हे पटवायला वेळ लागतो. पटवा.

भारतीय बैठकीचा संडास असेल तर उकिडवं बसल्यावर पोट वर दाबलं जातं आणि श्वास कोंडतो. वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, ती आणाच. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथताना धाप प्रचंड वाढते.

स्वयंपाक उभ्याने करण्याचा हट्ट सोडायचा. उंच स्टूल ओट्याजवळ, भाजी निवडणं-चिरणं टेबलावर. कणीक मळणं आणि भांडी घासणं दुसऱ्या कुणाकडे. फोडणीला मिरचीचा ठसका उठतो तेवढी दोन मिनिटं बाजूच्या खोलीत. पण सगळंच काढून घेऊ नका. सासूबाई बसून लसूण सोलतात, भात-आमटी बसून करतात, आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळा असतो.

दिवसाची आखणी करताना जड कामं सकाळी पंप घेतल्यावर अर्ध्या-एक तासाने, आणि दोन जड कामांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती. दवाखान्यात जायचं असेल तर आंघोळ आदल्या संध्याकाळी उरकून घ्या.

जेवण

स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पेज आणि साबुदाण्यावर हे होत नाही. दोन अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम मिळतात, बाकी घट्ट वरण, मुगाचं धिरडं, पिठलं, पनीर, मासे, चिकन, सोयाबीन, दूध, दही यांतून. दही-केळ्याने कफ होतो अशी समजूत पक्की आहे, पण दूध-दह्याने कफ जास्त तयार होतो याला पुरावा नाही. एखाद्याला खरोखरच त्रास होत असेल तर त्याने टाळावं, सगळ्यांनी नव्हे.

पोट गच्च भरलं की छातीखालचा पडदा वर दाबला जातो. म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. जेवायच्या आधी अर्धा तास आराम, मऊ घास, सावकाश. ज्याने पोट फुगतं ते कमी करा. आणि हे दोन-तीन महिने उपवास नकोत. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, सगळे पुढच्या वर्षी. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. नकळत घटत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि अचानक दोन-तीन दिवसांत वाढून पाय सुजले तरीही सांगा.

घरातली हवा

डास मारायची कॉइल, उदबत्ती, धूप, कापूर, ओली धुरी, रूम फ्रेशनर हे सगळं रुग्ण असलेल्या घरात बंद. देवापुढे तेलाचा लहानसा दिवा पुरतो. कॉइलऐवजी मच्छरदाणी. पावसाळ्यात भिंतीला आलेली बुरशी पुसून काढा, पण ते काम रुग्णाने करायचं नाही. झाडलोट करताना आधी ओलं फडकं. विडी, सिगारेट आणि मिश्री भाजणं घरातल्या कुणाचंच नको.

घरी ऑक्सिजन मशीन दिलेलं असेल तर त्यापासून दहा फुटांत दिवा, गॅस, काडी काही नको. आकडा स्वतःहून वाढवू नका. जास्त ऑक्सिजनने काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, बरळणं ही त्याची लक्षणं. लाइट जाणाऱ्या गावात सिलेंडरची सोय आधीच करून ठेवा.

घरच्यांसाठी

"आई, तुम्ही बसा, मी देते" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य दिवसातून वीस वेळा म्हटलं गेलं की माणूस खरोखरच बसतो. पाण्याचा पेला हातात देण्याऐवजी चार पावलांवर ठेवा. धाप लागली तर धावत येऊन "काय होतंय, काय होतंय" करू नका. शेजारी बसा, त्यांच्याबरोबर हळू श्वास सोडा, प्रश्न विचारू नका, कारण उत्तर द्यायला हवा लागते. रात्री श्वास कोंडेल या भीतीने झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. झोपेची गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका, श्वास मंदावू शकतो.

पुन्हा उसळतंय हे ओळखणं

नेहमीपेक्षा जास्त धाप, कफ वाढणं, कफाचा रंग पिवळा-हिरवा होणं. यातलं काही दोन दिवस टिकलं तर तिसऱ्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन. ओठ-नखं निळसर, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, गुंगी किंवा गोंधळणं, छातीत दुखणं, पंप घेऊनही आराम नाही, तर १०८ ला फोन करा. ही लक्षणं, हे फोन नंबर आणि सध्याच्या औषधांची यादी फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पुढच्या तपासण्या

घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच एकदा दाखवायला जा, आणि तेव्हा ‘पल्मनरी रिहॅब’ची चिठ्ठी मागा. यात सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, देखरेखीखाली व्यायाम करून घेतात. अटॅकनंतर पहिल्या चार आठवड्यांत ते सुरू केलं तर परत भरती व्हायची वेळ कमी येते. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आणि फिजिओथेरपीच्या कॉलेजांत ही सोय आहे. तुमच्याकडे नसेल तर जवळच्या फिजिओथेरपिस्टला वरचा कार्यक्रम दाखवा आणि दोन आठवड्यांनी एकदा चालून-उठून बघायला सांगा. त्या भेटीत मिनिटभरात खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजून घ्या.

अटॅकमध्ये ऑक्सिजन लावून घरी सोडलं असेल तर दोन-तीन महिन्यांनी तो अजून लागतोय का, हे परत तपासायचं असतं. अनेकांचा सुटतो, आणि कुणी विचारलंच नाही म्हणून मशीन चालू राहतं. फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, साधारण १२ ते १६ आठवड्यांनी. त्याच भेटीत फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचं विचारून घ्या. फ्लूची लस दर वर्षी लागते, आणि आपल्याकडे ती पावसाळा सुरू होण्याआधी घेतलेली बरी.